तू ‘येते’ म्हणाली नाहीस

आई, काल शोकाचे सात दिवस संपले. समोरच्या लिमयेकाकूंनी हात दिला तेव्हा कुठे मी सतरंजीवरून उठले, गुडघे पार धरले होते. सात दिवस जमिनीवर बसून मी नुसती रडत होते असं सगळ्यांना वाटतंय. वाटू दे. खरं सांगायचं तर अर्धा वेळ मी तुझ्यावर चिडलेली होते आणि अजून राग गेलेला नाही.

कशावरून, ते तुला चांगलं माहीत आहे. टॅक्सी खाली उभी होती. तू चपला घातल्यास, दाराच्या चौकटीवर आपली मेझुझाची, आत प्रार्थनेचा कागद असलेली नळकांडी आहे तिला बोटं टेकवून ओठांना लावलीस. मी इस्पितळाची पिशवी घेऊन जिन्यात उभी. म्हटलं, “आई, येते म्हण.”

“कुणाला?”

“घराला म्हण. भिंतींना म्हण. मला म्हण. पण म्हण.”

तू कडी ओढलीस, कुलूप लावलंस, दोनदा हिसका देऊन बघितलंस आणि म्हणालीस, “निघते.”

काय गेलं असतं गं तुझं? या मुलुंडमध्ये शेंबडं पोर शाळेला निघालं तरी ‘येतो’ म्हणतं. भांडून निघालेली सून म्हणते, भाजीवाली टोपली उचलताना म्हणते. कुणी ‘जाते’ म्हणालं तर म्हातारी माणसं मागून ओरडतात, “जाते काय, येते म्हण!” एक तू सोडून. माझ्या सबंध आयुष्यात तू ‘येते’ म्हणून घराबाहेर पडल्याचं मला आठवत नाही. ‘निघते’ म्हणायचीस, नाहीतर ‘दार ओढून घे.’ मी लहान असताना रडायचे, तेव्हा म्हणायचीस, “संध्याकाळी दिसले की समज आले.”

आणि या खेपेला तू दिसली नाहीस. पोट उघडलं आणि काही न करता तसंच शिवलं, एवढंच डॉक्टर म्हणाले. त्यानंतर तू किती सोसलंस ते मी इथे लिहिणार नाही. वॉर्डमध्ये शेवटच्या दुपारी मी पुन्हा एकदा तेच मागितलं, तेव्हा तू काहीतरी भलतंच बोललीस. मी ते ग्लानीतलं म्हणून सोडून दिलं होतं. ते पुढे सांगते.

तुझं शव घरी आणलं तेव्हा ठाण्याहून आपल्या समाजाच्या दोन बायका आल्या, त्यांनी तुला आंघोळ घातली. मला म्हणाल्या, पाणी ओत. मी ओतलं. तुझे पाय इतके बारीक झाले होते की मला ते दुसऱ्या कुणाचे तरी वाटले. माझ्या भावाला, सॅमला, तिकडे तार केली, पण आपल्यात दफनाला थांबत नाहीत, लेक परदेशातून येईपर्यंत तर नाहीच. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जमवताना नाकी नऊ आले. सगळे गेले ना इस्राएलला. तुझ्याबरोबर शाळेत असलेल्या, तुझ्या लग्नात नाचलेल्या, सगळ्यांनी सामान बांधलं. तुलाही सॅमने किती बोलावलं. तू म्हणायचीस, “माझी माणसं इथे आत बसलीत, त्यांना टाकून कुठे जाऊ?” आत म्हणजे तुरुंगात. आणि मी बाहेर होते, आई. मी तुझ्यासाठी राहिले इथे, हे तरी तुला माहीत होतं की नाही?

सरकारी कागदावर तू प्रोबेशन ऑफिसर होतीस, पण लोक तुला पॅरोलवाल्या बाई म्हणायचे. नावामुळे कुणाला ख्रिश्चन वाटायचीस, कुणाला पारशी. इस्राएली, म्हणजे ज्यू, म्हटलं की विचारायचे, मग मराठी इतकं चांगलं कसं? तू म्हणायचीस, “तुमच्याइतकंच जुनं आहे आमचं, अलिबागेकडचं.” कैद्याला सुट्टी द्यायची की नाही, यासाठी त्याचं घर बघून यायचं आणि अहवाल द्यायचा, हे तुझं काम. मराठीत त्या सुट्टीला अभिवचन रजा म्हणतात हे मला तुझ्यामुळे कळलं. तुला तो शब्द भारी आवडायचा. “इंग्रजीत नुसतं पॅरोल,” तू म्हणायचीस, “आपल्यात कसं सरळ सांगितलंय बघ. शब्द दिलाय म्हणून सुट्टी. शब्द नाही तर सुट्टी नाही.”

घर बघायची तुझी रीत काही औरच होती. लोक पुढे होऊन सांगायचे, बाई, आम्ही त्याला नीट सांभाळू, आमची हमी. तू ते ऐकायचीसच नाही. पाणी मागायचीस, आणि ते येईपर्यंत भिंतीवर नजर टाकायचीस. माणूस आत गेला तेव्हा त्याची एक खुंटी होती ना घरात, शर्ट टांगायची? ती रिकामी आहे का? की तिच्यावर आता दुसऱ्याचा सदरा, छत्री, पोरांचं दप्तर? खुंटी गेली असेल तर तू काळजीत पडायचीस. “घराने त्याची जागा उचलली,” म्हणायचीस, “हा परत आला तर कुठे टेकणार?”

हीच अक्कल तू माझं लग्न ठरवतानाही लढवलीस. ठाण्याचं ते स्थळ, मुलगा चांगला बँकेत. सगळ्यांना पसंत. तू त्यांच्याकडे पाणी प्यायलीस, भिंती बघितल्यास आणि जिन्यातच मला म्हणालीस, “हन्ना, तिथे तुझ्यासाठी खुंटी नाही. सगळ्या भरल्यात.” मी इतकी हसले. नंतर बरीच वर्षं हसू आलं नाही, पण त्या मुलाचं पुढे जे झालं ते बघता तुझं बरोबर होतं. तेवढं मान्य.

बाबा गेले तेव्हा सॅम पहिलीत होता, मी चौथीत. तू कुणापुढे पदर पसरला नाहीस. दिवसभर गोवंडी, कुर्ला, भांडुपच्या झोपड्यांतून चालून यायचीस, आधी आंघोळ करायचीस आणि मगच आम्हाला जवळ घ्यायचीस. माझ्या डोक्यात उवा झाल्या तर मांडीवर डोकं घेऊन एकेक लीख काढायचीस आणि तोंडाने पाढे म्हणवून घ्यायचीस. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यात वात, असा शब्बाथचा दिवा लागलेला असायचाच. कुठलाही कैदी, कुठलाही साहेब तो दिवा चुकवू शकला नाही. म्हणूनच त्या वर्षी जे झालं त्याने मी आणि सॅम इतके हादरलो.

आपल्या दारफाळणीच्या सणाच्या थोडं आधीची गोष्ट. बाहेरच्यांना मी सांगते, आमचा तो सगळ्यात मोठा उपास. दिवसभर निर्जळी, पांढरे कपडे, आणि दार लावून घ्यायचं. त्या दिवशी घरातलं कुणी बाहेर पडत नाही आणि बाहेरचं कुणी आत येत नाही. त्या सणासाठी पांढरं कापड घ्यायला आपण दोघी घाटकोपरला गेलो होतो. कापड घेतलं आणि तू म्हणालीस, “पाच मिनिटं टेकडीवर जायचंय, चल.”

ती चाळ मला आजही दिसते. पायऱ्या, पायऱ्या, आणि वर पत्र्याच्या खोल्यांची रांग. तिथे जनार्दनची आई राहायची. जनार्दन गिरणीत होता, संपात गिरणी सुटली. नळावरच्या भांडणात त्याने एका शेजाऱ्याच्या डोक्यात लोखंडी दांडा घातला, माणूस जागच्या जागी मेला. जन्मठेप झाली. म्हातारी आजारी पडली म्हणून तुझ्या अहवालावर त्याला रजा मिळाली होती. अहवालाआधी तू मेलेल्या माणसाच्या बायकोकडेही गेली होतीस, ती त्याच चाळीत. ती म्हणाली होती, “येऊ दे त्याला. आई आहे शेवटी. पण माझ्या दारावरून जायचं नाही.” म्हणून जनार्दन सगळे दिवस मागच्या गटाराच्या बाजूने घरात शिरायचा.

आपण गेलो तो त्याच्या रजेचा शेवटचा दिवस होता. वाढवून मागितली होती तूच, पण मिळाली नाही. म्हातारी काही मरत नव्हती आणि काही जगतही नव्हती. नुसता श्वास. जनार्दनने तिचं तोंड पुसलं, चादर सारखी केली आणि पिशवी घेऊन उभा राहिला. खुंटीवर त्याचा एक शर्ट राहू दिला, ते तू बघितलंस, मीही बघितलं.

म्हातारीने डोळे उघडले. “चललंस?”

त्याने पिशवीचा बंद हाताला गुंडाळला.

“झिला, येतंय म्हण.”

तो तुझ्याकडे बघायला लागला. त्याला माहीत होतं, पुन्हा रजा मिळेपर्यंत ही राहणार नाही. तुलाही माहीत होतं. मला तर काहीच माहीत नव्हतं, तरी मला कळत होतं. माझ्या मनात नुसतं चाललं होतं, म्हण ना रे, म्हणून टाक, कोण तपासायला येणार आहे!

“येतंय म्हणान सांग रे माका,” म्हातारी पुन्हा म्हणाली.

आणि तू म्हणालीस, “मावशी, त्याला खोटं बोलायला लावू नका.”

अगं, काय बोललीस तू हे! कुणाला बोललीस! तो वाकला, आईच्या पायांना हात लावला आणि एक शब्द न बोलता बाहेर पडला. मागच्या बाजूने, गटाराकडून. म्हातारी दाराकडे बघतच राहिली.

तू त्याला घेऊन तुरुंगाकडे गेलीस, मी कापड घेऊन एकटी घरी आले. तू परतलीस तेव्हा आपलं जे भांडण झालं ते या भिंतींनी ऐकलंय. मी म्हटलं, “एक शब्द दिला असता म्हातारीला तर तुझं सरकार बुडलं असतं का?”

तू भाजी चिरत होतीस. “सरकारचं नाही. त्याचं बुडलं असतं. रजेवर सुटताना मी प्रत्येकाकडून ‘येतो’ म्हणवून घेते, तुरुंगाला. कुणी म्हणायला तयार नसतो, अभद्र वाटतं त्यांना. तरी म्हणतात आणि वेळेवर परत येतात. का? त्यांना वाटतं त्या शब्दाला काही वजन आहे. आज त्याने तो आईला फेकून दिला असता ना, तर पुढे त्याच्या तोंडात तो शब्द पोकळ झाला असता.”

“ती मरतेय, आई!”

“म्हणूनच. मरणाऱ्या माणसाला फसवायचं, आणि मग त्या फसवण्यावर आयुष्य काढायचं त्याने?”

“तू बाई नाहीस,” मी म्हटलं, “तू तुरुंगच आहेस.”

तू भाजी चिरतच राहिलीस. मीही माघार घेतली नाही. आणि आज तू नाहीस म्हणून मी माघार घेईन असं समजू नकोस. त्याने म्हणायला हवं होतं. माझं अजून तेच मत आहे.

मग आली दारफाळणी. आदल्या दिवशी आपण घराला चुना दिला, गोडधोड केलं. आदल्या दिवशी आपली गेलेली माणसं घरी येतात, आपला सण बघतात आणि उपासाच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, परत जातात, असं तुझी आई सांगायची. तुला विचारलं, तुझा विश्वास आहे का, तर म्हणायचीस, “मला काय ठाऊक! पण आले तर उपाशी जायला नकोत.” सूर्य मावळायच्या आत दार लावलं. आणि सणाच्या दिवशी सकाळी, उपासाच्या पोटी, पांढरं लुगडं नेसलेली तू उठलीस आणि ते दार उघडलंस.

सॅम ओरडला, “आज? आई, आज?”

“शब्द दिलाय.”

“कुणाला?”

“तुला नाही ना?” आणि तू गेलीस. ‘निघते’सुद्धा म्हणाली नाहीस.

आम्हाला वाटलं, कुणीतरी कैदी, कुठलातरी साहेब. सॅमचं डोकंच फिरलं. म्हणाला, हिची नोकरी देवापेक्षा मोठी झाली. त्याने कडी लावली. दुपार कलल्यावर जिन्यात पावलं वाजली आणि आपल्या दारापाशी थांबली. आम्ही दोघं आत बसून राहिलो. तू दार वाजवलं नाहीस. सण सुटेपर्यंत दार उघडत नाहीत, हा नियम तूच आम्हाला शिकवलेला. तू पायरीवर बसून राहिलीस. लिमयेकाकू बाहेर आल्या, म्हणाल्या, “अहो, हे काय, इथे का बसलात? पाणी तरी घ्या.” तू म्हणालीस, “उपास आहे.” चांदण्या दिसल्यावर सॅमने कडी काढली. तू आत आलीस, हात धुतलेस आणि आमच्या ताटात वाढायला लागलीस. तुझं लुगडं मागून सगळं मळलेलं होतं.

सॅमने ते मनात धरलं. त्याने पुढच्याच वर्षी इस्राएलचे कागद केले, आणि त्यामागे तो दिवस होता असं मला नेहमी वाटत आलंय. तू त्यालाही काही सांगितलं नाहीस. काय माणूस आहेस गं तू! दुसऱ्यांच्या घरात शिरून खुंट्यांपर्यंत सगळं विचारायचीस आणि स्वतःच्या पोरांना एका वाक्याचा हिशेब द्यायची नाहीस.

आता ऐक. या सात दिवसांतल्या पाचव्या दिवशी दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. केस सगळे पांढरे, हातांवर चुन्याचे डाग. मी ओळखलं नाही. म्हणाला, “ताई, मी जनार्दन. घाटकोपरचा.” शिक्षा संपून दीड वर्ष झालं, म्हणे. आत शिकलेल्या रंगकामावर पोट भरतो, भांडुपला राहतो. मी म्हटलं आत या, तर आला नाही. जिन्यात त्याच पायरीवर बसला. मी दाराच्या आत सतरंजीवर, तो बाहेर.

मी सरळच विचारलं. शोकाच्या घरात विचारू नये, पण मला राहवलं नाही. “त्या दिवशी आईने तुम्हाला येतो म्हणू दिलं नाही. राग आला होता?”

“आला होता ना,” तो म्हणाला. “दोन वर्षं बाईंशी बोललो नाही. आत यायच्या, मी तोंड फिरवून बसायचो. ताई, माझं काळीज आजून सांगता, बोलूक व्हया होतां.”

बघ. तोही माझ्याच बाजूचा निघाला.

“मग मिटलं कसं?”

“बाई काय बोलल्या नाहीत. आमच्या चाळीतला एक जण दुसऱ्या गुन्ह्यात आत आला, त्याच्याकडून कळलं.”

आणि मग त्याने जे सांगितलं ते तू मला का सांगितलं नाहीस, आई? त्या संध्याकाळी त्याला तुरुंगाच्या दारात सोडून तू परत ती टेकडी चढलीस. म्हातारीच्या उशाशी बसलीस आणि म्हणालीस, “मावशी, तो येणार नाही. त्याला येता येणार नाही. पण मी येते.” चाळीतल्या सगळ्या बायकांनी ऐकलं. ‘येते’ म्हणालीस तू! आणि रोज कामावरून सुटल्यावर जात राहिलीस. तिला पेज भरवलीस, तिचं सगळं केलंस. मी रोज विचारायचे, उशीर का, तर म्हणायचीस, “काम होतं.”

“सणाच्या दिवशी सकाळी आये खूप घाबरी झाली,” जनार्दन सांगत होता. “बाई आल्या तेव्हा तिला दिसत नव्हतं. पावलं ऐकली आणि विचारलंन, ‘झिला, इलंस?’ सगळ्या बायका बाईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या. बाई जवळ बसल्या, तिचा हात धरलान आणि म्हणाल्या, ‘इलंय.’”

मी म्हटलं, “म्हणजे शेवटी खोटंच बोलली.”

“नाय ताई.” तो पहिल्यांदा जरा हसला. “तुमच्यात बाप्या आलो म्हणतो, बाई आले म्हणते. आमच्यात झील असो, चेडू असो, इलंय असाच म्हणतत. बाई आल्याच होत्या ना? मग खोटं कुठे? आणि आयेने काय ऐकायचं ते ऐकलंन.”

दुपारी ती गेली. तुझा हात धरून गेली. तू तिचं तोंड बांधलंस, दिवा लावायला सांगितलंस. त्या वेळी जनार्दन तुरुंगात सतरंज्या विणत होता, त्याला काहीच माहीत नव्हतं. आणि तू उपाशी पोटी पायऱ्या उतरून घरी आलीस, तर घराचं दार बंद.

माझा राग गेला असं नाही, आई, उलट नव्याने भडकला. त्या म्हातारीसाठी तुला शब्द सापडला. घासून, पारखून, खोटा नसलेला शब्द तू तिच्या बोलीतून शोधून आणलास. दुसऱ्याच्या आईसाठी! आणि मी तुझी पोटची पोर टॅक्सी उभी असताना जिन्यात भीक मागत होते तर मला ‘निघते’? माझ्यासाठी शोधावासा नाही वाटला एक शब्द?

जनार्दन उठला. “बाईंच्या घराला सणाआधी चुना लागतो ना दरवर्षी?” त्याने भिंतीकडे बघितलं. “या वर्षी मी देतो हात मारून. आदल्या दिवशी सकाळी. येतो, ताई.”

आणि जीभ चावली. दुःखाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. लिमयेकाकू माझ्यामागे उभ्या होत्या, त्या दचकल्या. “अहो, असं काय बोलता!”

“तोंडातून गेलं,” तो ओशाळला. “बाईंनीच सवय लावलीन.”

“आता म्हणालात ना? मग याच,” मी म्हटलं.

तो गेला, आणि मी दाराशी तशीच बसले. आदल्या दिवशी. तो आदल्या दिवशी चुना लावायला येणार. आणि तेव्हा मला वॉर्डमधली दुपार आठवली. तुझ्या नाकात नळी, ओठ सुकलेले. मी कापसाने पाणी लावत होते. म्हटलं, “आई, आता तरी येते म्हण गं. मी घर झाडून ठेवते.” तू बराच वेळ छताकडे बघत राहिलीस. मला वाटलं ऐकलंच नाहीस. मग म्हणालीस, “दारफाळणीच्या आदल्या दिवशी बघ.”

मी म्हटलं, “वेड लागलंय का? तेवढे दिवस इथे ठेवणार आहेत का तुला?” आणि नर्सला हाक मारली, हिला भ्रम होतोय म्हणून.

भ्रम नव्हता ना? तू छताकडे बघत शोधत होतीस. ‘येते’ म्हणता येत नव्हतं, कारण तुला माहीत होतं की घरी येणं नाही. खोटं तर तू त्या म्हातारीशी बोलली नाहीस, माझ्याशी काय बोलणार! म्हणून शोधत शोधत तिथे गेलीस, जिथे मेलेल्या माणसाला घरी यायची सोय आहे. तुझ्या आईने सांगितलेली, तुलाही खात्री नसलेली सोय. तू ‘येते’ म्हणाली नाहीस, ‘बघ’ म्हणालीस. मला काय ऐकायचं ते ऐकायला मोकळं सोडलंस. आणि मी नर्सला हाक मारली.

माझा त्या गोष्टींवर विश्वास नाही, आई. खरंच नाही. माणूस गेला की गेला, पाणी ओतताना मी बघितलंय. पण तुझ्या शब्दावर आहे. तुझ्या शब्दावर खुनी माणसं तुरुंगात परत आलीत, मग मी कशी नाही ठेवणार? जनार्दन चुना लावेल. मी पुऱ्या करीन. तुझ्या खुंटीवर तुझी ती काळी पर्स तशीच आहे, लिमयेकाकू म्हणाल्या काढून ठेव, मी हात लावू दिला नाही.

मावळायच्या आत ये. दिलेली वेळ पाळायची, हा तुझाच नियम, मी नव्याने काय सांगू? आणि उशीर झालाच, सूर्य बुडाला, मी कडी लावलेली असली, तर त्या पायरीवर बसून राहू नकोस गं. दार वाजव.